शहाताचे रोजे

वफा गेली तेव्हा सहा वर्षांची होती. नाईलच्या कालव्याकाठच्या त्या गावात, आपल्याच गल्लीत, ती खडे खेळत बसली होती आणि शहाताने न बघता टेम्पो मागे घेतला. शहाता काही परका नव्हता. वफाच्या बापाचा, अब्दुलआलचा, तो सख्खा चुलतभाऊ. गावातली वडीलधारी मंडळी बैठकीला जमली, तेव्हा अब्दुलआलने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी माफ केलं. रक्ताची भरपाई नको मला." लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. साब्रिया आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पोरीची आई होती ती, पण तिला विचारायला कुणी उंबऱ्यापर्यंतसुद्धा आलं नाही.

मशिदीचे शेख मदबूली मात्र म्हणाले, "बापाने माफ केलं ते माणसांपुरतं. अल्लाकडचं अजून राहिलंय. चुकून का होईना, जीव गेलाय. लागोपाठ दोन महिने रोजे धर, शहाता. मधला एक जरी मोडलास तर पुन्हा पहिल्यापासून."

रज्जबचा चांद दिसला आणि शहाताचे रोजे सुरू झाले. रज्जब, मग शाबान, आणि त्याला लागूनच रमजान. उन्हाळा असा की कालव्याकडची गाढवंही सावली सोडत नव्हती. गाव हळहळायला लागलं. वफासाठी नव्हे, शहातासाठी. "काय ती सबुरी," बायका म्हणत, "माणूस वाळून काडी झाला." खरं तर तो वाळला वगैरे नव्हता, पण म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? दिवस मावळायला आला की त्याच्या दारी झाकलेली ताटं जाऊ लागली. एकीने तर तापाने फणफणलेलं मूल त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. म्हणाली, "तुझी दुआ लागेल."

एके दिवशी अब्दुलआल बायकोला म्हणाला, "आज आपल्याकडून मुलूखियाची पालेभाजी जाऊ दे. सगळी गल्ली पाठवते, आपलंच घर राहिलंय. बरं दिसत नाही ते."

"कुणाला बरं दिसत नाही?"

"लोकांना."

साब्रियाने भाजी केली. लसूण-धण्यांची फोडणी दिली, पातेलं फडक्यात बांधलं आणि नवऱ्याच्या हाती दिलं.

शाबान निम्म्यावर आला होता. भर दुपारी ती म्हशीसाठी मक्याचा पाला काढायला शेतावर गेली. पाला घेऊन परतताना कालव्याच्या वळणावर शहाताचा टेम्पो उभा दिसला आणि पलीकडच्या सावलीत शहाता मांडी घालून कलिंगड खात होता. शेजारी भाकरी, पांढरं चीज, गार पाण्याचं मडकं. चोरून नाही, घाईने नाही. बिया बाजूला थुंकत, अगदी निवांत.

तिला पाहून त्याचा हात थांबला. मग त्याने तोंडातला घास गिळला.

"कधीपासून चाललंय हे?" साब्रियाने विचारलं.

"सुरुवातीचे धरले होते, वहिनी. पण दिवसभर गोणी उचलायच्या, वर हे ऊन. माझं शरीर काय दगडाचं आहे?" त्याने तोंड पुसलं. "आणि मी उपाशी मेलो म्हणून पोरगी परत येणारे का तुझी?"

"नाही येणार," ती म्हणाली. "पण तिच्या नावावर माझ्या चुलीवरचं खाल्लंस तू."

पाला तिथेच टाकून ती मशिदीत गेली. शेख मदबूली भला माणूस. त्यांनी त्याच संध्याकाळी शहाताला बोलावलं. शहाताने कुराणावर हात ठेवला आणि रज्जबच्या चांदापासून दिवसाउजेडी दाणाही पोटात गेला नाही, अशी शपथ घेतली. शेखनी साब्रियाकडे पाहिलं नाही. म्हणाले, "त्याने शपथ घेतली. तू एकटीच होतीस तिथे. मी काय करू, सांग."

दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं. पोरीच्या दुःखाने बिचारीचं डोकं फिरलं, असं दया येणारे म्हणाले. बाकीचे काय म्हणाले ते तिने ऐकलं नाही असं दाखवलं. शहाताची बायको इन्साफ गल्लीत उभी राहून छाती पिटून रडली.

"तुम्हालाही मी वेडी वाटते?" साब्रियाने नवऱ्याला विचारलं.

अब्दुलआल चपलेचा अंगठा नीट करत होता. "नाही. मागच्या जुम्म्याला दुपारच्या नमाजानंतर मिठी मारली त्याला, तेव्हा तोंडाला कांद्याचा वास होता."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"मग काय करू? मी चारचौघांत माफ केलं त्याला. आता तो असा निघाला म्हटल्यावर लोक मला काय म्हणतील?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "आपल्या थोरल्या हुदाचं लग्न इन्साफच्या भाच्याशी ठरलंय. ती माणसं मोडायच्या गोष्टी करतायत. रमजान लागण्याआधी मनं साफ करावीत म्हणतात. जा, माफी माग."

हुदाने ते ऐकलं. ती दोन दिवस जेवली नाही. ते साब्रियाला सहन झालं नाही.

शाबानच्या शेवटच्या संध्याकाळी चांद बघायला गाव शहाताच्या अंगणापाशी जमलं होतं. साब्रिया सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझी चूक झाली," ती म्हणाली.

शहाताने छातीवर हात ठेवला, मान लववली. "मी माफ केलं, वहिनी. अल्लाही करो."

"मन असावं तर असं," कुणीतरी म्हणालं. इन्साफने जर्दाळूच्या सरबताचा पेला पुढे केला. सगळे बघत होते, म्हणून साब्रियाने तो शेवटपर्यंत प्यायला. तेवढ्यात पोरं ओरडली, चांद दिसला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि त्या गर्दीत कुणीकुणी तिच्याही पाठीवरून हात फिरवला.

घरी अब्दुलआल वाट बघत होता. "झालं?"

"झालं."

ईद झाली, हुदा सासरी गेली. साब्रिया अब्दुलआलला वेळेवर वाढत राहिली, कामापुरतं बोलत राहिली. वफाचं नाव मात्र त्याच्यासमोर तिने पुन्हा कधी घेतलं नाही. त्यानेच एकदा काढलं, तेव्हा ती म्हणाली, "ते तुमचं मिटलंय," आणि भाकरी उलटली.