नानांच्या नावाचा काठ

आमच्या घरात नवऱ्याचं नाव नाही असं एकही भांडं नाही. परात, घागर, डाव, चहाची गाळणीसुद्धा सोडली नाही. माझ्या माहेरच्या पिंपावर माझ्या वडलांचं नाव होतं, तर त्याच्याखाली ह्यांनी आपलंही टाकून घेतलं, साक्षीदारानं सही करावी तसं. कागदोपत्री रुपचंद, गावाला नाना. सदतीस वर्षं एका शाळेत हेडक्लार्क होते. शिक्का मारल्याशिवाय वस्तू आपली वाटतच नाही माणसाला. त्यात आम्ही सोनगीरला राहतो, तांबटांची घरं आमच्या मागल्या गल्लीत. वाटेल तेव्हा भांडं घडवा, वाटेल तिथं नाव कोरा. कोणाला एवढी सोय असू नये.

तर ह्या नानांची एकसष्टी आली. माझी सून ममता मेहरूणची. लग्नाआधी जळगावच्या एका बेकरीत तीन वर्षं काम केलेली. माहेरचे कपाट देत होते, ती म्हणाली कपाट नको, मोठा ओव्हन द्या. तेव्हाच मला पोरगी आवडली होती, पण तसं सांगायची आमच्यात पद्धत नाही. तिला आमची रस्त्याकडची खोली हवी होती, केक-बिस्किटांच्या दुकानाला. त्या खोलीत आहे काय? नानांची जुनी वर्तमानपत्रं आणि एक मोडकी सायकल. दोन वर्षं ती विचारत होती आणि दोन वर्षं नाना 'बघू' म्हणत होते.

एकसष्टीचा केक मी करते, असं ती म्हणाली आणि नानांच्या अंगात एकदम न्यायाधीश संचारला. ओट्यावर चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत त्यांनी अट घातली. साठ माणसांना पुरेल असा एकच केक करायचा. भांड्यातून अख्खा निघाला तर खोली तिची. मोडला तर ओव्हन मेहरूणला परत, आणि खोलीचा विषय पुन्हा काढायचा नाही. माझा मुलगा जितेंद्र, तिचा नवरा, तिथंच उभा होता. तो मोबाईलमध्ये बघत राहिला. बापापुढं बोलायची वेळ आली की त्या मोबाईलमध्ये नेहमीच काहीतरी महत्त्वाचं येतं.

ममता घाबरली नाही. जळगावहून ट्रे मागवते म्हणाली. झालं, नानांचा स्वाभिमान दुखावला. सोनगीरात राहून भांडं जळगावहून आणायचं, लोक तोंडात शेण घालतील. उठले आणि गेले मोतीलाल तांबटाकडे. दीड हात लांब, हातभर रुंद, चांगल्या जाड पितळेचा ट्रे, आतून कल्हई. एवढ्यावर थांबले असते तर ते नाना कसले? नाव कुठं टाकायचं, हा प्रश्न आला. बाहेरून टाकलं तर कोण वाकून वाचणार? तळाला टाकलं तर केकखाली जाणार. मग ह्यांनी डोकं चालवलं. काठ बोटभर दुमडून घ्यायचा आणि त्या पट्टीवर नाव कोरायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वरूनच वाचता येईल. बाहेर दुमडला तर ओव्हनमध्ये मावत नव्हता. म्हणून आत दुमडला, चारही बाजूंनी.

ट्रे घरी आला. ममतानं काठावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, नाना, हा आत वळलाय, केक फुगला की खाली अडकेल. नाना म्हणाले, अडकायला तो काय उंदीर आहे? आणि स्वतःच हसले. जितेंद्रही हसला.

एकसष्टीच्या दिवशी सकाळी तिनं तळाला कागद घातला, बाजूंना तूप लावलं आणि ट्रे अर्धाच भरला. काठाच्या खालीच फुगेल, असा तिचा हिशेब. पोरगी हुशार, पण घरात तिच्याहून हुशार माणूस होता ना. नानांनी स्वयंपाकघरात डोकावलं. एवढ्या मोठ्या भांड्यात एवढंसंच? माझ्या नावाचं भांडं अर्धं रिकामं दिसलं तर लोक काय म्हणतील? समोर उभे राहून त्यांनी तिच्याकडून आणखी पीठ कालवून घेतलं. मी तेव्हा गप्प बसले. लग्नापासूनची सवय, दुसरं काय. त्याची लाज मला आजही वाटते.

केक फुगला तो असा फुगला की काठाच्या खाली जाऊन चारही बाजूंनी घट्ट बसला. वास मात्र सगळ्या गल्लीत. दुपारी दोनला गार झाला. ट्रे पालथा केला, ढिम्म हलला नाही. तळाचा कागद मोकळा, बाजू तुपानं मोकळ्या, धरलं होतं फक्त त्या बोटभर पट्टीनं. पाच वाजता माणसं येणार. जितेंद्र सल्ला देऊ लागला, ठोकून बघ, गरम पाण्यात धर, यूट्यूबवर एक जण हेअर ड्रायर लावतो. आयुष्यात पोळी उलटली नाही कधी आणि केक काढायला निघाला.

ममतानं पातळ सुरी घेतली. पट्टीच्या कडेनं बोटभर केक कापला की बाकीचा सरळ निघतो, म्हणाली. खाताना कुणाला कळणारही नव्हतं. नाना दारात उभे. म्हणाले, "कापला म्हणजे मोडलाच. अट अख्ख्याची आहे."

सुरी हातात तशीच धरून ती उभी राहिली. डोळे भरले, पण रडली नाही. ओव्हनकडे बघत होती. तो आपल्याला दिसायचे हे शेवटचे दिवस, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि माझं डोकं फिरलं. अट ह्यांची, भांडं ह्यांचं, काठ ह्यांचा, वरचं जास्तीचं पीठही ह्यांचंच, आणि खोली जाणार तिची.

मी चप्पल घातली आणि मागल्या गल्लीत जाऊन मोतीलालला घेऊन आले. येताना पत्रा कापायची मोठी कात्री आणायला लावली. त्याला सांगितलं, समोरच्या लांब बाजूचे दोन्ही कोपरे काठापासून तळापर्यंत काप आणि ती बाजू खाली पाड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं फाळकं पाडतो तशी. मोतीलाल ट्रेकडे बघायचा, नानांकडे बघायचा. आपल्या हातानं घडवलेलं भांडं, त्यातून नेमकी नावाची बाजू. बिचाऱ्याचा हात उचलेना.

नानांची अहिराणी रागावले की बाहेर येते. म्हणाले, "मनं नाव शे त्यावर."

माझीही येते. मी म्हटलं, "नाव तुमनं शे, केक तिना शे. बाजूले सरका."

लग्न झाल्यापासून ह्या माणसाला मी बाजूला सरका म्हटलं नव्हतं. ते सरकले. मोतीलालचा हात तरीही उचलेना, तेव्हा कात्री मीच घेतली. जाड पितळ ते, दोन्ही हातांनी दाबावं लागलं. पहिला कोपरा मी कापला. मग त्यालाच लाज वाटली आणि दुसरा त्यानं कापला. ट्रे टेबलाच्या कडेला ओढून ती बाजू पार खाली पाडली. नाव जमिनीकडे तोंड करून लोंबायला लागलं. जितेंद्रला म्हटलं, मोबाईल ठेव आणि फळी धर. त्यानं फळी टेबलाला लावून धरली, मी ट्रे दाबून धरला आणि ममतानं खालचा कागद दोन्ही हातांनी हळूहळू ओढला. केक पट्ट्यांखालून सरकत सरकत आला आणि अख्खाच्या अख्खा फळीवर बसला. कुठं चीर नाही, कुठं टवका नाही. ममता खाली बसली आणि मग रडली.

नाना म्हणाले, पण भांडं मोडलं की. मी म्हटलं, अट केकची होती.

संध्याकाळी साठ माणसांनी बोटं चाटून केक खाल्ला. अट ज्यांच्यादेखत घातली होती तेही चौघं आलेले, त्यामुळं खोलीची किल्ली द्यावीच लागली. पण नाना कसले गप्प बसतात? प्रत्येकाला सांगत होते, भांडं मी स्वतः डोकं लावून घडवून घेतलं, बाजू उघडता येते त्याची.

आता रद्दी गेली, सायकल गेली, खोलीला पांढरा रंग लागला. ओव्हन पुढं आला. मोतीलालनं सरळ काठाचा नवा ट्रे दिला, त्याच्यावर ममतानं कुणाचंच नाव टाकू दिलं नाही.

परवा नाना पेंटरला घेऊन आले. दारावर पत्र्याची पाटी लावायची म्हणे, 'रुपचंद बेकरी', मोठ्या लाल अक्षरांत. ममतानं माझ्याकडे बघितलं. मी नानांना म्हटलं, लावा की, खुशाल लावा. मोतीलालची कात्री अजून माझ्याकडेच आहे.