निम्म्यावर आलेला आकडा

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात, एका घराच्या बेसमेंटमध्ये रविवारच्या सत्संगाला पाय ठेवायला जागा नव्हती. निरामयबाबांनी राजारामकाकांचा रिपोर्ट उंच धरला. "पीएसए आठ होता, आता चार. डॉक्टर सुई टोचायला निघाले होते. गुरुकृपेने गाठ विरघळली." आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक तपासलेल्या इंजिनियरांनी टाळ्या वाजवल्या. मला किळस आली.

पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी. आकडा वाढला की कॅन्सरची शंका येते, खात्री होत नाही. म्हणून डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली होती. काका घाबरले आणि बाबांच्या भस्माची कॅप्सूल रोज घेऊ लागले. काही महिन्यांत आकडा निम्मा झाला. काकांनी बायोप्सी कॅन्सल केली.

शोभाकाकूंना चैन पडेना. "बरे झाला असाल, तर दुसऱ्या डॉक्टरलाही तेच दिसेल. दाखवून तर या," त्यांनी हट्टच धरला. मी काकांना घेऊन गेलो.

डॉक्टर उत्तरा यांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले, मग काकांचं डोकं. "काका, टकलावर नवे केस आलेत."

"बाबांचीच कृपा," काका लाजले.

"ती कॅप्सूल आणा. लॅबला पाठवू."

राखेत फिनास्टराइड निघालं. प्रोस्टेटची वाढ कमी करायला देतात ते औषध, टकलावरही देतात. "यानं पीएसए निम्म्यावर येतो," उत्तरा म्हणाल्या. "कॅन्सर असलाच तर तो जागेवरच राहतो. तुमचा चार मी आठच धरणार."

बायोप्सी झाली. कॅन्सर होता. ग्रंथीबाहेर पसरला नव्हता, म्हणून उपचार शक्य होते.

पुढच्या रविवारी काकांनी भर सत्संगात सगळं सांगितलं. बाबा मंद हसले. "औषधही ईश्वरानेच निर्मिलंय. तुमची श्रद्धा डळमळली, म्हणून रोग परतला."

"रोग गेलाच नव्हता," काका म्हणाले. "तुम्ही त्याच्यावर पांघरूण घातलंत. ही कॅप्सूल आणखी कोण घेतंय?"

एकेक हात वर होऊ लागला, आणि बाबा पाणी प्यायला म्हणून उठले ते परतलेच नाहीत.

डॉक्टरांच्या निदानावर शंका येत असेल तर जरूर घ्या. ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. कॅप्सूलमध्ये काय आहे हे जो सांगत नाही, त्याच्या हाती आपलं शरीर देऊ नका.