बैठकीतले तीन डबे

टीव्हीच्या मागे पोटावर पालथा पडून हेमेंद्र तिसरी केबल खोचत होता. भिंत आणि टेबल यांच्यामधल्या वीतभर फटीत त्याचं डोकं अडकलं होतं आणि नव्या शर्टाची इस्त्री केव्हाच मोडली होती.

"पावने फाटकाशी आले," श्यामलालनी बाहेरून हाक दिली. मग आत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अन् हा भितीत घुसून राहिला! काऊन रे, लगीन डब्यायचं हाये का तुजं?"

"दोन मिनिटं, बाबा. तिन्ही एकदम चालू पायजेत."

डबे म्हणजे खेळांची यंत्रं, टीव्हीला जोडायची. हेमेंद्रचं गोंदियात टीव्हीचं दुकान होतं आणि अशा गोष्टींत त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स ही दोन यंत्रं त्याने दुकानातून फुलचूरच्या घरी आणली होती. तिसरा, स्विच नावाचा लहानसा डबा, दुबईहून आलेल्या मित्राकडून घेतला होता. महिनाभर तिन्ही बैठकीत लावून पाहायची, सरस ठरेल ते ठेवायचं, बाकीची परत, असा बेत होता. महिना आज संपत होता. आजच संपावा अशी तजवीज त्यानेच केली होती, कारण आज अर्जुनी मोरगावहून रेणूकडची माणसं घर पाहायला येणार होती.

रेणू त्याला आवडली होती. थोडीथोडकी नाही, पुरती आवडली होती. स्टेशनजवळच्या हॉटेलात ती एकदाच भेटली, तीही आत्याला शेजारच्या टेबलावर बसवून. तिने विचारलं, "घरी काय करता तुम्ही?" आणि हेमेंद्र अर्धा तास आपल्या बैठकीबद्दल बोलला. रेणू दवाखान्यात नर्स होती, ऐकून घ्यायची तिला सवय होती. शेवटी हसून म्हणाली, "घर आत्या पाहील. आत्या म्हणेल तसं." उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते काय, हे हेमेंद्रला त्या दिवसापासून कळून राहिलं होतं.

घर पाहायला येण्याची त्यांच्याकडे एक रीत होती. मुलगी येत नाही, तिची वडीलधारी माणसं येतात. पोहे आणि चहा सगळेच घेतात, त्यावरून काही ठरत नाही. घर मनात भरलं तर ती जेवायला थांबतात, आणि नाही भरलं तर गाडीची वेळ झाली म्हणून चहावरच उठतात. कुणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही. हेमेंद्रच्या घरून दोन वर्षांत दोन पाहुणे चहावर उठले होते. त्याने दोन्ही वेळा विचार केला आणि दोन्ही वेळा एकाच निष्कर्षावर आला, की दोष बैठकीचा आहे. मग त्याने जुनी लाकडी बाकं काढली, सोफा आणला, पंचावन्न इंची टीव्ही लावला, आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून तो स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेल्या भिंतीवर नेला. सोफ्यापासून पडद्याचं अंतर टेपने मोजलं. आता बैठकीला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

रेणूचे वडील सुखराम एसटीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. आत येताच चपला नेमक्या कुठे ठेवायच्या हे पाहत ते उंबऱ्यात थांबले. त्यांची बहीण चंदाबाई थांबल्या नाहीत. आठ वर्षं सरपंच राहिलेली बाई ती. गावात नालीचं काम तपासायच्या तसंच त्यांनी घर पाहायला घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता.

"बसा जी," श्यामलाल म्हणाले. "घर तुमचंच समजा."

"ते समजाचंच हाये अजून," चंदाबाई म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या.

हेमेंद्रची आई सुशिलाबाई पाण्याचा ट्रे घेऊन आली, ठेवून आत गेली. पोहे घेऊन आली, ठेवून आत गेली. चंदाबाईंनी दोन्ही वेळा तिच्याकडे मान वळवून पाहिलं, पण बोलण्याइतका वेळ ती थांबलीच नाही.

हेमेंद्रने रिमोट उचलला. एक सांगायला हवं, की माणूस आपल्या कामात तरबेज होता. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक मिक्सर घ्यायला यायचं आणि टीव्ही घेऊन जायचं.

"हे पाहा, काकाजी. हे पांढरं, प्लेस्टेशन. खेळ तर आहेतच, पण यात पिच्चरची डिस्कपण चालते. चित्र पाहा. घामाचा थेंब मोजून घ्या."

पडद्यावरचा खेळाडू धावत सुटला. सुखरामांनी खरंच थोडं पुढे वाकून पाहिलं.

"आणि हा काळा, एक्सबॉक्स. याच्यात महिन्याचं वर्गणीसारखं असते. एकदा भरली की ढिगानं खेळ, घरबसल्या. डिस्क यालेपण चालते. जुने खेळ बी चालतात. चित्रात दोघं भाऊ-भाऊ. आता मी म्हणतो, ज्याला मोजके पण वजनदार खेळ पायजेत, त्यानं पांढरा घ्यावा. ज्याच्या घरी दहा आवडीची दहा माणसं, त्यानं काळा."

"तुमच्या घरी किती?" चंदाबाईंनी विचारलं.

"तीन. म्हणजे... चार होतील," हेमेंद्र म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. श्यामलाल मिशीत हसले.

"अन् हा लहानसा?"

"तो खेळणं आहे, आत्याबाई. बैठकीच्या कामाचा नाही. चित्र एवढं साफ येत नाही, पिच्चरची डिस्क लागत नाही. या खाचेतून उपसला की हातात घेऊन फिरता येते, एवढंच. तो तर परतच जाणार आहे."

स्वयंपाकघरातून पळीचा आवाज येत होता, तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

"तर आता तुम्हीच सांगा," हेमेंद्रने दोन्ही हात पसरले. हा त्याचा हुकमाचा पत्ता होता. पाहुण्यांनाच निवडायला लावलं की पाहुणे त्या घरचे होतात, असा त्याचा धंद्यातला अनुभव. "पांढरा ठेवू का काळा? तुम्ही म्हणाल तो."

चंदाबाईंनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "मले कायले इचारतेस बापू? मी का इथं राहाले येऊन राहिलो? ज्यायले वापराचा हाये त्यायले इचार."

"रेणूला फोन लावू?"

"ते आली का अजून या घरात?"

तेवढ्यात चहा आला. सुखरामांनी कप घेतला, घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, दीडची गाडी हाये."

हेच वाक्य याआधी दोनदा याच खोलीत बोललं गेलं होतं. सुखरामांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. चहा लहान कपांत द्यायचा मूर्खपणा कुणी केला, असं हेमेंद्रला वाटलं.

"दोनच मिनिटं, काकाजी," तो म्हणाला. "हा लहाना तर पाहूनच घ्या. गाड्यांची शर्यत आहे याच्यात. मजा येईल."

त्याने घाईघाईने स्विच चालू केला. कोण खेळणार, असं यंत्राने विचारलं. पडद्यावर दोन गोल चित्रं उमटली. एकाखाली हेमेंद्रचं नाव होतं. दुसऱ्याखाली रोमन अक्षरांत लिहिलं होतं, 'आई'.

हेमेंद्र पाहत राहिला. मग त्याने ते दुसरं चित्र दाबलं. आत शर्यतीचा खेळ होता आणि तो किती वेळ खेळला गेला तेही यंत्राने लिहून ठेवलं होतं. पासष्ट तास.

"आई म्हनजे कोन?" चंदाबाईंना वाचता येत होतं.

"मशीन बिघडली असन," श्यामलाल म्हणाले.

पण यंत्र असं बिघडत नाही, हे हेमेंद्रइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. तीस दिवस, पासष्ट तास. रोजचे दोन तास आणि वर थोडे. तो स्वतः या यंत्रावर सगळे मिळून तासभर बसला असेल.

"मीच ते," दारातून आवाज आला. सुशिलाबाई रिकामे कप न्यायला आली होती. तिने ट्रे छातीशी धरला होता आणि तिचा चेहरा उतरला होता. "नाव त्या डब्यानंच इचारलं होतं. म्हनून देल्लं."

"पावन्यायसमोर काय हे," श्यामलाल पुटपुटले. "या वयात पोट्ट्यायचे खेळ!"

हेमेंद्रला वाटलं, संपलं. दुपारभर खेळत बसणारी सासू कुणाला हवी असते? आता सुखराम कप खाली ठेवतील आणि उठतील.

चंदाबाईंनी मात्र विचारलं, "कायले वो? दोन मोठे डबे सोडून लहान्यावर काऊन खेळता?"

"टीवी हेमूनं या दाराच्याच भितीवर नेला ना जी. पैले दारात उभं राहिलं का सिरियल दिसे. आता दारातून दिसतच नाही." सुशिलाबाई तक्रार करत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. "मंग दुपारी बापलेक गेले का हा लहाना खाचेतून काढाचा अन् चुलीपाशी न्याचा. वरन शिजेवरी दोन डाव होतात. हे येयाच्या आधी परत ठेवून द्याचा."

"पन दुपारी तं इथं कोनीच नाही. मंग इथंच बसाचं ना सोफ्यावर."

सुशिलाबाईने सोफ्याकडे पाहिलं. काहीतरी भलतंच विचारल्यासारखी ती थोडी हसली.

"बैठकीत?" ती म्हणाली.

हेमेंद्रने हा सोफा घेताना दुकानात चारदा बसून पाहिला होता. किती माणसं बसतील, कुठून पडदा कसा दिसेल, सगळ्याचा हिशोब केला होता. त्या सगळ्या माणसांत आई एकदाही नव्हती. मुद्दाम वगळली असती तर निदान आठवलं तरी असतं. त्याला लाज वाटली, पाहुण्यांसमोर नाही, तिच्यासमोर.

तो उठला. यंत्राच्या दोन बाजूंचे बटणांचे दोन तुकडे त्याने सोडवले, त्यातला एक आईसमोर धरला.

"बस, आई."

"काहीतरीच. कप उचलाचे हायेत."

"मी उचलतो. बस तू. बाबा, जरा सरका."

श्यामलाल बसल्या जागी दोन क्षण तसेच राहिले. मग सरकले. सुशिलाबाई सोफ्याच्या अगदी कडेला टेकली, केव्हाही उठता येईल अशी. चंदाबाईंनी दुसरा तुकडा हेमेंद्रच्या हातातून काढूनच घेतला.

"मलेबी शिकवा. कोनतं बटन दाबाचं?"

शर्यत सुरू झाली. चंदाबाईंची गाडी पहिल्याच वळणावर पाण्यात गेली. दुसऱ्यांदा भिंतीवर. सुशिलाबाईची गाडी वळणं घेत, इतरांना मागे टाकत पुढे पुढे चालली होती, आणि तिचा पाय जमिनीवर आपोआप दाबला जात होता. तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

"वळनावर दाबू नोका! आधी सोडा. सोडा म्हनतो ना! हां, आता दाबा!"

सुशिलाबाईचा हा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. श्यामलाल पडद्याकडे कमी आणि बायकोकडे जास्त पाहत होते. ती कडेची सरकून केव्हा मध्ये बसली, ते त्यांनाही कळलं नाही.

"बाई," सुखराम म्हणाले, "गाडी..."

"पाहून राहिलो ना, पान्यात गेली."

"आपली म्हनतो. दीडची."

"जाऊ दे तिले. दुसरी येते ना संध्याकाळी." चंदाबाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "भात झाला का वो, सुशिलाबाई?"

हेमेंद्रचा हात ट्रेवर होता, तो तिथेच थांबला. सुखरामांनी घड्याळ बाहीखाली ढकललं.

"भात झाला, वरन झालं, वांग्याची भाजी झाली," सुशिलाबाई म्हणाली. तिची गाडी दुसऱ्या नंबरावर होती आणि शेवटचा फेरा चालू होता. "हेमू, ताटं वाढ."

हेमेंद्र कप घेऊन आत गेला. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, सगळं जागच्या जागी होतं, फक्त ती जागा कोणती हे त्याला माहीत नव्हतं. त्याने एक कपाट उघडलं, त्यात डबे होते. दुसरं उघडलं, त्यात लोणच्याच्या बरण्या. खालचा खण ओढला तर पोळपाट निघाला.

"आई," त्याने आतून हाक मारली, "ताटं कुठं असतात?"

बैठकीत गाड्यांचा आवाज एकदम थांबला. खेळ चंदाबाईंनी थांबवला होता. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी पडद्यावरून नजर काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सुशिलाबाई अर्धी उठली होती.

आत आणखी एक कपाट उघडल्याचा आवाज आला.

"राहू दे, आई," हेमेंद्र म्हणाला. "तुम्ही खेळा. शोधतो मी."

चंदाबाईंनी सुशिलाबाईच्या मनगटाला धरून तिला खाली बसवलं आणि बटण दाबलं.