नऊ दिवसांचा पारा

आमच्या गावात उन्हाळ्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. कुणी कपाळ पुसत नुसतं "काय उकडतंय हो" म्हटलं, की शेजारचा लगेच छाती फुगवून सांगायचा, "हे काहीच नाही. ते नऊ दिवस आठवा!" सांगणारा बहुतेक वेळा त्या नऊ दिवसांनंतर दहा-पंधरा वर्षांनी जन्मलेला असायचा, पण आठवण मात्र त्याचीच सगळ्यांत पक्की.

ते नऊ दिवस चाळीस वर्षांपूर्वीचे. सलग नऊ दिवस सेहेचाळीस पूर्णांक चार अंश. गावात शेंबड्या पोरालाही हा आकडा पाठ. तो ज्यांनी मोजला ते माझे वडील. हवामान केंद्रावर बत्तीस वर्षं निरीक्षक होते. गाव त्यांना पाराकाका म्हणतं. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रातून फोन येतो आणि बाबा घसा खाकरून, जणू पहिल्यांदाच सांगताहेत अशा थाटात, ते नऊ दिवस सांगतात. आई तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसते. मला वाटायचं, ऐकून ऐकून तिचे कान किटले असतील.

आता त्याच केंद्रावर, त्याच खुर्चीत मी बसते. खुर्ची बदलून मागितली आहे. अजून आलेली नाही.

गुरुवारी सकाळी मुख्य कार्यालयाकडून अंदाज आला. मी तो दोनदा वाचला, उठून पाणी प्यायले आणि तिसऱ्यांदा वाचला. सोमवारपासून सलग अकरा दिवस पंचेचाळीसच्या वर, मधले काही दिवस सत्तेचाळीसच्या आसपास. रात्रीही पारा तिशीच्या खाली उतरण्याची चिन्हं नाहीत. खाली नेहमीप्रमाणे तुलनेचा तक्ता होता आणि त्यात पहिल्याच ओळीत आमचे ते सुप्रसिद्ध नऊ दिवस.

मी अंदाज दवाखान्यात आणि नगरपालिकेत पाठवला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात मागण्यांचा कागद घेऊन मुख्याधिकाऱ्यांसमोर उभ्या. बारा ते चार उघड्यावरची सगळी कामं बंद ठेवा, रस्त्याचं डांबरीकरणसुद्धा. शाळांचे हॉल पंखे आणि पाणी ठेवून दिवसभर उघडे ठेवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारावर दिवसातून दोनदा कुणीतरी जा.

मुख्याधिकारी माणूस वाईट नाही. आकड्यांना मानणारा आहे, आणि आमची गोची नेमकी तिथेच झाली. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"बाई, चाळीस वर्षांपूर्वी या गावात दहा घरांत मिळून एक पंखा नसेल. तरी लोकांनी सेहेचाळीसचे नऊ दिवस काढले, कामं चालू ठेवून. आत्ताची माणसं काय लोण्याची आहेत? उद्या अकराला सभा घेतो. पाराकाकांनाच बोलावतो. त्यांच्याच तोंडून ऐकू दे लोकांना."

डॉक्टरीणबाईंनी दुपारी मला फोन केला. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त कोडं पडल्यासारखं काहीतरी होतं.

"मी त्या वर्षीची वॉर्डाची नोंदवही काढली. तुमच्या नऊ दिवसांपैकी पहिले दोन दिवस ऊन लागलेल्यांची नुसती रीघ आहे. तिसऱ्या दिवसापासून नवीन पेशंट कमी, पाचव्या दिवशी एकही नाही. उष्णता तेवढीच, मग माणसं आजारी पडायची कशी थांबली? तुम्ही लोकांनी गावाला वारा घातलात की काय?"

मी हसले. फोन ठेवला आणि हसू थांबलं.

केंद्राच्या मागच्या खोलीत जुन्या वह्या आहेत. सकाळच्या नोंदींची वेगळी, दुपारची वेगळी. सकाळच्या वहीत बाबांचं टपोरं अक्षर, दुपारच्या वहीत त्यांच्या सहकाऱ्याचं किरटं. मुख्य कार्यालयाच्या तक्त्यात फक्त सकाळी वाचलेला, आदल्या दिवसाचा कमाल आकडा जातो, त्यामुळे या दोन वह्या शेजारी शेजारी उघडायचं कुणाला कधी सुचलं नसावं. मलाही नाही, हे कबूल करते. मला नऊ दिवसांचा अभिमानच होता.

सकाळची वही: ४६.४, ४६.४, ४६.४. नऊ वेळा, दशांशाचाही फरक नाही.

दुपारची वही, तीन वाजताचं साधं तापमान: पहिल्या दिवशी ४६. दुसऱ्या दिवशी ४४. मग ४२, मग ४०, आणि पुढे एकोणचाळीसच्या आसपास.

आमच्या धंद्यातला कुणीही हे बघून एका दमात सांगेल काय झालं ते. दिवसाचं कमाल तापमान मोजणाऱ्या तापमापकाचा गळा अरुंद असतो. पारा वर चढतो, पण आपणहून खाली येत नाही, ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखा. सकाळी आकडा वाचायचा, मग तो पेटीतून काढून, घट्ट धरून झटका द्यायचा आणि पारा उतरवायचा. तो झटका राहिला, तर दुसऱ्या दिवशी कितीही गारवा असो, तापमापक कालचाच आकडा दाखवत बसतो.

हे मला शिकवलं बाबांनीच. मी नोकरीला लागले त्या दिवशी म्हणाले होते, "बाकी काही विसरलीस तरी चालेल, झटका विसरू नकोस." मी तिथेच स्टुलावर बसले. आधी लाज वाटली आणि मग असा संताप आला की वही मिटताना तिचा कोपरा दुमडला.

घरी गेले तेव्हा आई टेबलाशी शेंगा सोलत होती आणि बाबा उद्याच्या सभेसाठी सदऱ्याला इस्त्री करत होते. मी दोन्ही वह्या इस्त्रीच्या टेबलावर उघडून ठेवल्या.

बाबांनी खाली बघितलं. इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"जुन्या वह्या बाहेर काढायच्या नसतात. पानं तुटतात," ते म्हणाले.

"बाबा, नऊ दिवस एकच आकडा?"

"तुला दिसत नसेल नीट, तर चष्मा कर."

"मला दिसतंय हो. उद्या त्या आकड्याच्या जोरावर साहेब डांबराच्या कढईशी माणसं उभी करणार आहेत, भर दुपारी. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"बापाला गावासमोर खोटं पाडणार?"

"हो!" मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की मलाच दचकायला झालं.

बाबा सदरा तसाच टाकून मागच्या अंगणात गेले. आईने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"चाळीस वर्षं पोटात ठेवलंय त्यांनी," ती हळूच म्हणाली. "मलासुद्धा कधी बोलू दिलं नाही."

"तुला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत असतं. तू जेवून घे."

आमच्या घरात एकदा आईने विषय मिटवला की तो कुलूपबंद.

सकाळी मी उठले तोवर बाबा अर्ध्या इस्त्रीचा सदरा घालून निघून गेलेले. मी केंद्रावरची नोंद घेतली, झटका दिला, एकदा नाही तर उगीचच दोनदा, आणि वह्या काखेत मारून नगरपालिकेत पोचले.

हॉल भरला होता. रस्त्याच्या कामावरचे मजूर, गवंडी, रंगारी मागच्या भिंतीला टेकून उभे, दुकानदार मध्ये, शिक्षक बाजूला. पहिल्या रांगेत बाबा. साहेबांनी अंदाज वाचून दाखवला, डॉक्टरीणबाईंच्या मागण्या वाचल्या आणि कागद खाली ठेवून हसले.

"घाबरून जायचं काही कारण नाही. याहून मोठं संकट या गावाने बघितलंय, आणि ते मोजणारा माणूस आपल्यासमोर आहे. काका, सांगा यांना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वह्या मांडीवर उघडून ठेवल्या. बाबा उभे राहिले. सवयीने घसा खाकरला. आता ते नेहमीची गोष्ट सुरू करणार आणि मला उठावं लागणार, असं मला अगदी पक्कं वाटलं.

"त्या नऊ दिवसांतले आठ खोटे आहेत," बाबा म्हणाले.

कुणीतरी हसलं. काकांचा विनोद असेल असं वाटलं त्याला.

"एकच दिवस होता. पहिला. त्या दुपारी माझी मुलगी, अडीच वर्षांची, अंगणात खेळत राहिली. तासभर असेल. आम्हाला वाटलं, खेळतेय तर खेळू दे. संध्याकाळी तिने डोळे फिरवले."

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"दवाखान्यात एकेका खाटेवर तीन-तीन मुलं होती. मी रोज सकाळी वॉर्डातून पळत केंद्रावर जायचो, आकडा वाचायचो, लिहायचो आणि पळत परत. पारा उतरवायचा राहिला. एकदा नाही, आठ दिवस. दहाव्या दिवशी पोरगी घरी आली, मी झोप काढली आणि केंद्रावर जाऊन तापमापक हातात घेतला, तेव्हा कळलं. तोवर मुख्य कार्यालयाला तारा गेल्या होत्या, पेपरात छापून आलं होतं. लोक खांद्यावर हात टाकून म्हणत होते, शाबास, काय सोसलं आपण! मी मूग गिळून बसलो. पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करत."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"साहेब, तुम्ही म्हणता गावाने नऊ दिवस सोसले. गावाला एक दिवससुद्धा सोसवला नव्हता. माझ्या मुलीच्या खाटेवर जी दुसरी दोन मुलं होती, ती घरी गेली नाहीत."

मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. मी आदल्या दिवशी या माणसाला खोटं पाडायला निघाले होते, आणि त्याच्या चुकीचं कारण मीच होते. मला तिथे, शंभर-दीडशे माणसांत, हुंदका आला. तो मी दाबला नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कारकुनाकडे वळले.

"लिहून घ्या. सोमवारपासून बारा ते चार उघड्यावरची कामं बंद. शाळांच्या किल्ल्या आजच मागवा. बाई, तुमचा तो कागद द्या इकडे, सगळाच. आणि काका, तुम्ही आधी बसा. पाणी प्या."

मागच्या भिंतीपाशी एक रंगारी म्हणाला, "पाराकाका, उतरवलात एकदाचा!" आणि लोक हसले. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. बाबांनीही मान हलवली.

घरी आईने दार उघडलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं सांगून? पानं वाढलीयेत." पण वाढताना तिचा हात बाबांच्या पाठीवरून फिरला, तो मी बघितला.

सोमवारी पारा पंचेचाळीसच्या वर गेला तो तिथेच मुक्कामाला राहिला. पाचव्या दिवशी सेहेचाळीस पूर्णांक आठ. रस्त्याचं काम पहाटे पाचला सुरू व्हायचं आणि अकराला माणसं सावलीत. शाळेच्या हॉलमध्ये म्हातारी मंडळी पत्ते खेळायला जमायची. तिथे इतकी लबाडी चालायची की तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना मध्ये पडावं लागलं. बाबांनी स्वतःहून आमच्या गल्लीतली सात दारं वाटून घेतली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एका आजींनी त्यांना दारातूनच सुनावलं, "जिवंत आहे रे, उद्या ये!" बाबा ते घरी येऊन आनंदाने सांगायचे. साहेबांना मी एकदा भर दुपारी छत्री घेऊन डांबराची कढई बंद आहे ना हे बघत फिरताना पकडलं आणि त्यांनाच हॉलमध्ये पिटाळलं.

बाराव्या दिवशी सकाळी वारा फिरला. दुपारी एकोणचाळीस. एकोणचाळीसला कुणी गार म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण लोक म्हणाले. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी आकडा सांगितला आणि मग खात्री करून घ्यावी तसा पुन्हा सांगितला. अकरा दिवसांत ऊन लागून एकतीस जण दवाखान्यात आले, आणि एकतीसच्या एकतीस घरी गेले.

त्याच आठवड्यात मी जुनी नोंद दुरुस्त करायचा फॉर्म मागवला. खरी कमाल तापमानं आता कुणालाच कळणार नाहीत, म्हणून आठ दिवसांपुढे 'उपलब्ध नाही' लिहायचं. मूळ निरीक्षक हयात असेल तर चुकीचं कारण त्याच्या हस्ताक्षरात लागतं. त्यासाठी दोन ओळींची जागा. मी फॉर्म घरी आणला. बाबांनी चष्मा लावला आणि पेन झटकलं. मग एका दमात लिहून फॉर्म माझ्याकडे सरकवला. अक्षर तेच, टपोरं, जरा हललेलं.

'वाचनानंतर पारा उतरवायचा राहिला. मुलगी दवाखान्यात होती. आता बरी आहे.'

"बाबा, शेवटचं वाक्य लागत नाही त्यांना," मी म्हणाले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "नोंद पूर्ण असावी."

मी डोळे पुसले, खाली केंद्राचा शिक्का मारला आणि फॉर्म पाकिटात घातला.