बसल्या पायाचे माप

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच असतो. पण तो पहिल्यापासून घुमा, म्हणून दोघांच्या वतीने मीच बोलतो. मित्रांनो, बुटाचे तोंड मोठे असते, त्याला इलाज नाही.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने स्वतःच्या मुलासाठी शिवले. मुलाचे पाय लहानपणापासून अवाढव्य. शाळेत पोरे त्याला ‘फावड्या’ म्हणत. घरी होता तोवर बाबांनी शिवलेले बूट घालायचा, काही अडत नव्हते. पुढे तो बायकोबरोबर परदेशी गेला, आणि तिथे त्याच्या मापाचा बूटच मिळेना. दाराशी पडलेल्या त्याच्या फाटक्या बुटांनी मला सगळी हकिगत सांगितली. एक दुकानदार पायाकडे बघायचा, फळीकडे बघायचा आणि मान हलवायचा. दुसऱ्याने दिलेला बूट टाचेपाशीच अडला. तिसरा तर रिकामे खोके पुढे सरकवून म्हणाला, “हे बसतंय का बघा.” दुकानातले सगळे हसले. तोही हसला, आणि फाटक्या बुटांतून कामावर गेला.

शेवटी त्याने फोनवर बाबांना गळ घातली. बाबांची नजर अधू झाली होती, हात कापत होते, तरी म्हातारा हरखला. “कागदावर पाय आखून पाठव,” म्हणाला.

इथेच घोटाळा झाला. पायाचे माप उभ्याने घ्यायचे असते, कारण अंगाचा भार पडला की पाय पसरतो. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी उभे करत. मुलाला हे ठाऊक होते. पण एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर ओल्या फरशीवर उभा राहून तो आला होता. त्याने कागद जमिनीवर टाकला आणि खुर्चीत बसूनच पायाभोवती पेन्सिल फिरवली.

“पाय वाळला पोराचा तिकडे,” कागद पाहून बाबा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि कागद सांगेल तसेच चामडे कापले. टाका चुकला की ते उसवत आणि पुन्हा घालत. असा मी तयार झालो.

टपालाने मी परदेशी पोचलो. मुलाचा पाय कसाबसा माझ्यात शिरला आणि त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात बाबांचा फोन आला. “बसले का रे?”

“अगदी बरोबर बसले, बाबा.”

बायको ऐकत होती. “अहो, खरं सांगा ना त्यांना. तुम्हाला शुगर आहे.”

“हा त्यांच्या हातचा शेवटचा जोड आहे. लहान झाला म्हटलं तर झोप लागायची नाही त्यांना. चामडं आहे, होईल सैल.”

मी सैल झालो नाही. बाबांचे टाकेच तसे नव्हते. मी रोज त्याला चावत राहिलो, आणि तो दात आवळून चालत राहिला. मग एकदा तो खुशीत बायकोला म्हणाला, “बघ, आता चावत नाहीत.” मी होतो तेवढाच होतो. त्याचा पाय बधिर झाला होता. अंगठ्याशी जखम होती, तिची ओल माझ्या अस्तराला लागत होती. मला ओरडावेसे वाटे. पण एवढे मोठे तोंड असून आवाज म्हणून फुटत नाही.

बायकोला वास आला तेव्हा फार उशीर झाला होता. दवाखान्यात त्याचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे काढली.

घरी आल्यावर त्याने मला पलंगाखालून ओढले आणि पाय घातला. पाय अलगद आत गेला. बायकोने तोंड फिरवले. बाबांना यातले काही कळवलेले नव्हते. फोनवर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, “बूट बसतात ना रे नीट?”

“हो बाबा. अगदी बरोबर बसतात.”

या वेळी ते खरे होते.

मित्रांनो, माप द्याल तेव्हा उभे राहून द्या. आणि प्रेमाने दिलेली वस्तू चावत असेल, तर देणाऱ्याला सांगा. म्हाताऱ्याला वाईट वाटले असते. एक वेळ जेवलाही नसता. पण मग चष्मा पुसून तो दुसरा जोड शिवायला बसला असता.