चार घरांचं इंटरनेट

भिमाबाईंनी फोडलेलं कापसाचं प्रत्येक बोंड आतून किडकं निघालं, तेव्हा त्यांनी बीटी बियाण्याच्या कंपनीविरुद्ध तक्रार केली. सोनाळ्यातल्या आणखी तेवीस जणांनी त्याखाली सह्या, अंगठे दिले. कंपनीचं उत्तर आलं: बोंडअळी येणारच नाही, असं आम्ही कधीही म्हटलेलं नाही.

"नाही म्हटलं?" भिमाबाई कडाडल्या. "भर चौकात पडदा लावून सिनेमा दाखोला न् आता नाही म्हणते!"

हे बोलणं महेजबीनच्या घरी चाललं होतं. पुढच्या खोलीत ती कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. तक्रारही तिनंच टाइप केली होती. तिनं तो जाहिरातीचा सिनेमा पुरावा म्हणून शोधला. कंपनीनं आपल्या वेबसाइटवरून तो काढून टाकला होता. पण कुण्या अनोळखी माणसानं टोरेंटवर ठेवलेला सापडला. त्याच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यानं तो हिच्याकडे येणार होता. जवळजवळ दोन जीबी. आणि तक्रारीची सुनावणी परवाच, बुलढाण्याला कृषी अधिकाऱ्यापुढे.

सत्तर टक्के उतरला आणि वेग एकदम मेला. 'शिल्लक वेळ तीन दिवस', पडद्यावर आलं. महिन्याचं लिमिट संपलं होतं. महेजबीननं ब्रॉडबँडच्या ऑफिसात फोन लावला.

"मॅडम, प्लॅन अनलिमिटेडच आहे. बंद कुठं झालंय? फक्त वेग कमी होतो," पलीकडचा माणूस म्हणाला.

"तीन दिवस दाखवून राह्यलं! सुनावणी परवा हाय."

"टोरेंट चालू दिसतंय तुमचं. चोरीचे सिनेमे उतरवता आणि वर तक्रार करता?"

महेजबीनचे कान तापले. "चोरी? तुम्ही बोर्डावर अनलिमिटेड लिहिता अन् आतून मोजता, त्याले काय म्हणता मंग?"

फोन कट झाला. तिनं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

भिमाबाई कॉम्प्युटरकडे बघत होत्या. "जेवढं आलं तेवढं पुसल्या तर जात नाही ना?"

"नाही मावशी. थांबलं तिथूनच पुढं येते."

"मंग ही पेटीच दुसऱ्याच्या घरी नेऊ. लिमिट तुह्या घराची संपली, गावाची नाही संपली!"

गावात आणखी तीनच घरी असं कनेक्शन होतं. महेजबीनचा नवरा जाकीर यानं आपला ऑटो आणला. भिमाबाई गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन बसल्या. कौशल्याबाई मास्तरणींकडे अकरा टक्के उतरलं आणि त्यांचं लिमिट संपलं. जानरावांकडे सात टक्के झाल्यावर लाईट गेली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलं शेवटचं घर, तुळशीरामांचं. हेच बियाणं त्यांच्या दुकानातून विकलं गेलं होतं.

"मले काऊन गुंतवता यात?" ते दारातच म्हणाले. "कंपनी माल देणं बंद करीन."

"तुम्ही विकलं म्हणून आम्ही पेरलं," भिमाबाई म्हणाल्या.

आतून तुळशीरामांची बायको रुखमाबाई बाहेर आली. "आपल्याही वावरात तेच पेरलं ना? सगळी बोंडं किडली. ते कंपनीले सांगा ना!" तिनं स्वतःच सीपीयू उचलून आत नेला. थोड्या वेळानं तुळशीरामांनीच वायर जोडून दिली.

दुपारी सिनेमा पूर्ण झाला.

सुनावणीत कंपनीचा वकील उठला. "हा सिनेमा बेकायदेशीरपणे मिळवलेला आहे."

"साहेब," महेजबीन अधिकाऱ्याला म्हणाली, "यायनंच बनवला, यायनंच गावात दाखोला, अन् यायनंच लपोला. मंग बेकायदेशीर मी कशी?"

अधिकाऱ्यानं सिनेमा लावायला सांगितला. पांढऱ्या शर्टातला माणूस हसत म्हणत होता, "बोंडअळीचं नाव विसरा. फवारणीचा पंप माळ्यावर टाकून द्या." वकील कागद चाळू लागला. चोवीसही वावरांचा पंचनामा करण्याचा हुकूम झाला.

पण पथक आलं अठरा दिवसांनी. तोवर नऊ जणांनी कापसाची पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला होता. "पीक उभं नाही, नोंद नाही," पथकाचा साहेब म्हणाला आणि पंधराच नावांचा कागद त्यानं भिमाबाईंपुढे सहीसाठी धरला.

भिमाबाईंनी तो वाचून घेतला आणि परत दिला. "उशीर तुम्ही केला. चोवीस नावं लिहा, मंग सही."

"मावशी, तुमचं नाव आहे ना यात?"

"माह्यं हाय. त्यायचं काऊन नाही?"

त्या वावराच्या कडेला धुऱ्यावर बसल्या. बाकीचे चौदाही येऊन बसले, कुणीच सही करेना. ऊन डोक्यावर आल्यावर साहेबानं त्या नऊ जणांच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग कुठे आहेत ते विचारलं आणि पथकाला तिकडे चालायला सांगितलं.