ढोलकीला माइक

साउंडवाल्या संघदीपनं माइक तिसऱ्यांदा ढोलकीच्या तोंडाशी आणला आणि तिसऱ्यांदा स्पीकर असा किंचाळला, की मागच्या रांगेतल्या एका बाळानं भोकाड पसरलं.

"काकू, जरा वाजवत राहा."

"वाजवूनच राह्यली ना बाप्पा."

गोजराबाई वाजवतच होती. पण कारंज्याच्या त्या मंगल कार्यालयाला वर टिनपत्रे, मागे स्वयंपाकाची पातेली आणि समोर भजन स्पर्धेला आलेल्या तीनशे बाया. त्यात नीताचा खडा गळा, संस्कृतीचा कॅसिओ आणि चार जोड्या झांजा. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की ढोलकी गडप. मागच्या दोन्ही स्पर्धांत परीक्षकांनी कागदावर लिहून दिलं होतं, ढोलकी ऐकू येत नाही. कामरगावच्या मंडळाची प्रमुख नीता. तिनं येताना जीपमध्येच सांगून टाकलं होतं, "काकू, राग नका मानू. पण आज ढोलकी आयकू नाही आली तं पुढच्या खेपी ऑक्टोपॅड आणतो. बटन दाबलं का वाजते. तुमी झांज घ्या."

गोजराबाई "बरं" म्हणाली होती. घरीदारी ती एवढंच बोलायची. तिचे यजमान उकंडराव चारचौघांत कौतुकानं सांगत, आमच्या घरात तीस वर्षांत भांडण नाही. आज ते पहिल्यांदाच तिचं भजन ऐकायला आले होते. म्हणजे फवारणीचा पंप दुरुस्तीला आणला होता आणि दुकान जेवणासाठी बंद होतं.

शेवटी संघदीपनं पेटीतून बोराएवढा कॉलर माइक काढला.

"कातड्यापाशी ठेवला तं आवाज फाटते. हा मधात, दोरीवर बांधतो, तोंड वर करून. दोन्ही बाजू घेईन."

त्यानं टेपनं माइक पक्का केला. गोजराबाई मांडी घालून, ढोलकीवर वाकून बसलेली. हनुवटीपासून माइक वीतभर. परका माणूस समोर म्हणून तिनं ओठ घट्ट मिटून डाव्या हाताची एक थाप मारली. वरचा पत्रा थरथरला. तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ढोलकी धरल्यापासूनच्या बावीस वर्षांत हा हात एवढ्या लांब कधी गेला नव्हता.

त्यांचा नंबर आला. भजन सुरू झालं आणि त्यासोबत गोजराबाईचे ओठही सुरू झाले.

ही खोड जुनी. तिला कुणी ढोलकी शिकवली नव्हती. देवळातली ढोलकी रिकामी पडलेली असायची, ती बसली. बोल कुठले माहीत असायला? ठेका चुकू लागला की ती त्यात शब्द घाली. आधी भाकर-भाजी, भाकर-भाजी. मग हळूहळू मनात असेल ते. देवाचं काम करणाऱ्या बाईला कुणी उठवत नाही, आणि झांजांच्या गदारोळात तिचं पुटपुटणं कुणाच्या कानी पडत नाही. सासू गेली, दीर वेगळे झाले, पोरगी सासरी गेली, सगळं त्या ढोलकीत बोलून झालं होतं. बोलत असली की हात चुकत नसे. गप्प राहिली की चुकायचा.

आजही हात चुकत नव्हता. स्पीकरची तोंडं लोकांकडे, त्यामुळे स्टेजवर तिच्या कानांत नुसता कॅसिओ घुसत होता. पण लोक तिला दिसत होते. पहिल्या रांगेतल्या बायांचे वारा घालणारे पदर थांबले. परीक्षकानं पेन खाली ठेवला. नीतानं कडव्याच्या मधातच मान वळवून पाहिलं. तिकडे पुरुषांच्या खुर्च्यांत उकंडराव उभे राहिले, इकडंतिकडं बघितलं आणि बसले.

आयकू येऊन राह्यली, गोजराबाईच्या मनात आलं. ढोलकी आयकू येऊन राह्यली! ती आणखी वाकली आणि आजवर वाजवली नव्हती तशी वाजवली.

भजन संपलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. मग एक-दोन पडल्या. मग एकदम खूप.

संस्कृती, तिच्या दिराची पोरगी, तिला हाताला धरून मागे पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली.

"मोठी आई, काय केलं वं तुमी हे?"

"काहून? चुकली का?"

संस्कृतीनं मोबाइल पुढे केला. रेकॉर्डिंग होतं. झांजा लांब कुठंतरी होत्या, नीता त्याहून लांब. अगदी जवळ ढोलकी, आणि ढोलकीच्याही जवळ एक बाई बोलत होती, ठेक्यात, दमानं.

*...वावर विकलं तं इचारलं नाही, पोरगी देल्ली तं इचारलं नाही, इचारलं नाही, इचारलं नाही... एक दिवस थैली भरली, स्टँडवर बसली, कारंज्याच्या स्टँडवर, तीन घंटे बसली. अकोल्याची गाडी गेली, दुसरी गेली. ढोलकी राह्यली म्हून वापस आली. तुह्यासाठी नाही आली, ढोलकीसाठी आली...*

गोजराबाईच्या हातात पाण्याचा गिलास होता. तो तिरपा झाला आणि पाणी कोपरावरून ओघळून लुगड्यात गेलं, तरी तिला कळलं नाही. ही कोण बाई? आवाज तिच्या मेलेल्या आईसारखा होता. आणि ती नवऱ्याला 'तू' म्हणत होती.

"बंद कर."

"कवाचंच केलं, मोठी आई."

संघदीप वायर गुंडाळत येऊन उभा राहिला. वर न बघता बोलला, "काकू, मले पहिल्या कडव्यातच समजलं. पण माइक कमी केला तं ढोलकी जाते, ढोलकी ठेवली तं तुमी येता. नीताताईनं बजावलं होतं, आज ढोलकी गेली नाही पायजे." त्यानं वायरचा आणखी एक वेढा घेतला. "मी ढोलकी ठेवली."

मागून नीता आली, तोंड लालबुंद.

"आयकू तं आली, काकू. लय आयकू आली! मंडळाची इज्जत गेली तीनशे बायांत. आता ऑक्टोपॅडच."

"त्या मशीनले नवरा आहे काय?" झांजा पिशवीत कोंबत म्हातारी प्रयागबाई म्हणाली. "ते काय डोंबल वाजवीन!"

कुणीतरी फसकन हसलं. गोजराबाईला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. कुठल्याशा गावची एक बाई आली, ओळख ना पाळख, तिचा ओला हात क्षणभर दाबून निघून गेली.

ढोलकी आणायला ती स्टेजवर गेली तर जागा रिकामी. फाटकाशी उकंडराव उभे होते. ढोलकी त्यांच्या खांद्याला लटकलेली. आजवर त्यांनी ती घरातसुद्धा हलवली नव्हती.

"चाल."

जीपकडे न वळता ते रस्त्यानं चालू लागले. दहा पावलं मागे गोजराबाई. पंपाचं दुकान उघडलेलं होतं, ते थांबले नाहीत. त्यांची फक्त मान दिसत होती आणि मानेवरून काही कळत नव्हतं. प्रत्येक नालीपाशी तिला वाटे, आता टाकतात. ती नाली मागे पडे, पुढची येई.

स्टँडवर कामरगावची गाडी उभी होती. कंडक्टर घंटीला हात लावून ओरडत होता. उकंडरावांनी गाडीकडे पाहिलंही नाही.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"कायचं कुठं?"

"बसली होती ते."

तिनं अकोल्याच्या फलाटासमोरच्या शेवटच्या बाकाकडे बोट केलं. तिथं एका माणसाची बॅग होती. उकंडरावांनी ती त्याला उचलायला लावली, बसले, ढोलकी मांडीवर घेतली, उलटी. मागे कामरगावची गाडी सुटली.

"कोणत्या सालची गोष्ट?"

"पोरगी चौथीत होती."

त्यांनी बराच वेळ मनाशी हिशोब लावला. मग बाकावर थोडे सरकले.

"मी काय करून राह्यलो होतो तवा?"

गोजराबाई बसली. ढोलकी त्यांच्या मांडीवर होती, तिचे हात रिकामे. ते कुठं ठेवावेत तिला कळेना. फलाटावर गाड्या येत-जात होत्या, पण गलका काही फार नव्हता; हळू बोललं तरी ऐकू जाईल इतकाच.

तिनं तोंड उघडलं.